तिचे पाय आधी मी धरले

मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाणी भरून अंग शेकायची. माझा मूळ रंग लाल. आज त्याला काय म्हणायचं हे पाहणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून आहे. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला साधारणपणे पडके किल्ले, फाटकी पुस्तकं आणि निवृत्त घोडे पुढे येतात. त्यांची तक्रार काळाविरुद्ध नाहीतर एकूण जगाविरुद्ध असते. माझं तसं नाही. माझी तक्रार एका माणसाच्या दोन पोटऱ्यांविरुद्ध आहे.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले, साच्यात घातले आणि कडा भाजून अशा जुळवल्या की पुन्हा सुटायची सोय नाही. म्हणजे मी झाले तीच मुळी एका घट्ट मिठीतून. तेव्हा या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये. साच्यातून निघाल्यावर माझ्यात हवा भरली आणि एक चांगला भरभक्कम तपासनीस बूट काढून माझ्यावर उभा राहिला. मी फुटले नाही. "पास," तो म्हणाला. आयुष्यातलं हे माझं पहिलं कौतुक. दुसरं मिळायला फार वर्षं लागली, आणि ते नको त्या माणसाकडून मिळालं.

औषधाच्या दुकानातून मला एका आत्यानं नेलं. तिचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. ती भावाकडे राहायची आणि तिची अकरा वर्षांची भाची सहाव्या वर्षापासून तिच्याशेजारी झोपायची. भाचीचे पाय बारा महिने तेरा काळ गार. आत्या तिला गारगोटी म्हणायची.

"कुणाचं दुखतंय?" दुकानदारानं विचारलं.

"माझं," आत्या म्हणाली. "भाची झोपेत पाय लावते, आणि मी उठून बसते."

घरी आल्यावर तिनं एका जुन्या शालीचा तुकडा कापून मला झबलं शिवलं. गळ्याशी दोन नाड्या, खाली एक बटण. मग मला मुलीच्या हातात दिलं. "घे गं गारगोटी. आजपासून माझ्या पोटऱ्यांना सुट्टी."

मला भरायचं कसं तेही आत्यानंच शिकवलं. पाणी उकळतं नको, जरा निवलेलं हवं. दोन तृतीयांशच भरायचं. मग मला छातीशी धरून हळूच दाबायचं, म्हणजे वरची हवा निघून जाते, आणि तसंच धरून बूच फिरवायचं. मुलगी रोज हे अगदी मन लावून करायची. तिच्या दृष्टीनं ती हवा काढत होती. माझ्या दृष्टीनं काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की पुढे जे झालं ते समजून घेताना हा तपशील ध्यानात असू द्यावा.

चौदा वर्षं मी तिच्या पायांपाशी झोपले. तापात कपाळापाशी गेले, पोट दुखायचं तेव्हा पोटापाशी. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं मला मांडीवर घेऊन आख्खा भूगोल पाठ केला. नद्यांची नावं मला अजून येतात. बाकी कुणाचाही माझ्या जागेवर डोळा नव्हता. खरं सांगायचं तर मत्सर म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. जागा आपलीच आहे असं ज्याला वाटतं त्याला मत्सर नसतो, नुसता अंगचा गर्व असतो.

मोठी होऊन तिनं नोकरी कुठे धरावी? कोल्ड स्टोरेजमध्ये. ज्या मुलीचे पाय भर उन्हाळ्यात गार, ती रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उणे अठरात उभी राहून गोठवलेल्या मटारच्या पेट्या रचू लागली. दोन मोजे, वर लोकरीचा तिसरा, वर गुडघ्यापर्यंतचे बूट. "आता ऑफिसातच गार पडते, घरी वेगळं गार पडायला नको," असं ती हसून म्हणायची. मी मनातून खूष होते. कोल्ड स्टोरेज आणि मी मिळून तिच्या आयुष्याचा नीट बंदोबस्त केला आहे असं मला वाटायचं.

घात बसथांब्यानं केला.

सकाळी सव्वासहाची बस. थांब्यासमोर बेकरी, आणि तिथला भट्टीवाला त्याच वेळी सुटायचा. रात्रभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस. बाकावर तो तिच्या डाव्या बाजूला बसायचा. पुढे तिनंच एकदा आत्याला सांगितलं की पहिले दोन महिने ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही, नुसती ऊब घेत होती. तिसऱ्या महिन्यात भट्टीवाला म्हणाला, "तुम्ही रोज थोड्या सरकता. अजून एक आठवडा, आणि मी बाकावरून पडतो." त्यावर ती हसली. एका माणसाला बाकावरून पडू द्यायचं नाही म्हणून लोक लग्नापर्यंत जातात, हे मला तेव्हा कळलं.

लग्नानंतर मी तिच्या बॅगेतून नव्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि चार फूट रुंदीचा पलंग. दोघंही रात्रपाळीचे, त्यामुळे सगळं गाव उठून दात घासायचं तेव्हा आमच्याकडे पडदे ओढले जायचे. पहिल्या सकाळी तिनं नेहमीप्रमाणे मला भरलं, छातीशी दाबलं, बूच लावलं आणि पायथ्याशी ठेवलं.

"हे काय?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"माझी पिशवी."

"बरं नाहीये तुला?"

"बरं आहे. पाय."

"पायांना काय झालंय?"

"काही नाही. गार असतात."

"असून असून किती असणार? आण इकडे."

तिनं पाय त्याच्या पोटऱ्यांमध्ये ठेवले.

"अगं आई गं! बर्फ!"

इतका मोठ्यांदा ओरडला की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. ती घाईघाईनं पाय काढू लागली. आणि मित्रांनो, इथे त्या माणसानं जे केलं ते मी आजतागायत त्याला माफ केलेलं नाही. ओरडत ओरडतच त्यानं पोटऱ्या घट्ट मिटल्या. पाय सोडले नाहीत. "मेलो, मेलो," म्हणत राहिला आणि धरून राहिला. ती हसून हसून उशीत तोंड खुपसून पडली. त्या गडबडीत कुणाच्या तरी टाचेनं मला ढकललं, आणि मी पलंगावरून खाली फरशीवर पडले. पोटात गरम पाणी होतं. ते कुणालाही न देता मी दहा वाजेपर्यंत एकटीच निवत गेले.

त्यानंतर काही दिवस ती मला सवयीनं भरायची आणि मी सवयीनं फरशीवर जायची. "ही तुझी पिशवी आहे की माझी सवत?" भट्टीवाला म्हणायचा. माझं नाव तेव्हापासून सवतबाई पडलं. मला राग आला. नंतर बरंही वाटलं. सवत म्हणजे निदान दावा मान्य केल्यासारखं होतं.

फरशीवरून मला सगळं दिसायचं, आणि जे दिसायचं त्यानं सुरुवातीला माझं समाधानच होत होतं. कारण त्यांना जमत नव्हतं. बाहेरून वाटतं की दोन माणसं, एक पलंग, त्यात अवघड काय? पण मिठी हे काम आहे, आणि ते दोघं त्यात नवशिके होते. समोरासमोर तोंड करून झोपले तर एकमेकांचे श्वास नाकात जायचे आणि गुडघे एकमेकांवर आपटायचे. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर तिचे केस त्याच्या नाकात. तो शिंकायचा, ती दचकायची. छातीवर ठेवलं तर त्याचं काळीज तिच्या कानात धडधडायचं आणि ती म्हणायची, "शेजारच्यांना सांग ना, टकटक थांबवा." तिच्या पाठीशी पोट लावून झोपला, चमच्यात चमचा ठेवावा तसा, तर खालच्या हाताचं काय करायचं हे त्याला कळेना. तो हात तिच्या डोक्याखाली जायचा आणि पाव तासात त्याला मुंग्या यायच्या. तो बिचारा हलायचा नाही, नुसती बोटं उघडमीट करत पडायचा. मी ती बोटं मोजायची. मला दोन हात नाहीत याचं त्या काळात मला प्रथमच सुख वाटलं.

शिवाय दोघांचे धंदे आड येत होते.

"हे बघ," तो एकदा म्हणाला, "ट्रेमध्ये पाव कसे लावतात? अंगाला अंग. मधे फट ठेवली की कडा कडक होतात. चिकटून भाजलेला पाव कसा, कडेनं लुसलुशीत राहतो."

"आणि आम्ही पेट्या अशा चिकटवून रचल्या तर मधल्या नासतात. चार बोटं हवा खेळायला लागते."

"मी पाव आहे."

"मी पेटी आहे. सरक."

तो सरकला. मी फरशीवर पडून 'चार बोटं, चार बोटं' असं मनात म्हणत होते. चार बोटांत मी आरामात मावले असते.

मग आत्या भेटायला आली, आणि माझं उरलंसुरलं वाटोळं तिनं केलं. आधी मात्र तिनं मला फरशीवरून उचललं. "हिला खाली कुणी टाकलंय? जनावर आहे का?" मला वाटलं, आली माझी बाजू घेणारी. तिनं मला पदरानं पुसलं, मांडीवर ठेवलं आणि भाचीला विचारलं, "झोप लागते का गं?"

"लागते. म्हणजे, मला लागते. त्याच्या हाताला मुंग्या येतात."

"डोकं हातावर ठेवतेस?"

"मग कुठे ठेवू?"

"डोकं उशीवर ठेवायचं. उशी आणि खांदा यांच्यात मानेखाली जी पोकळी राहते ना, तिच्यातून त्याचा हात पलीकडे जाऊ द्यायचा. वजन उशीवर पडतं, हात नुसता असतो. आणि तुझ्या गुडघ्यांमध्ये एक लहान उशी घाल, कंबर धरणार नाही. केस वर बांध. त्याची हनुवटी तुझ्या डोक्याच्या वर गेली पाहिजे, मागे नाही, म्हणजे श्वास मानेवर येत नाही."

भाची बघतच राहिली. "आत्या, तुला हे सगळं..."

"तुझ्या आतोबांना जाऊन एकवीस वर्षं झाली," आत्या माझं बटण लावत म्हणाली. "हात कुठे ठेवायचा ते काही विसरायला झालं नाही."

 मला एकदम दुकानातलं बोलणं आठवलं: गारगोटी पाय लावायची तेव्हा आत्या उठून बसायची, कुरकुरायची. पण मला विकत आणायला तिनं पाच वर्षं लावली होती.

दुसऱ्या सकाळपासून त्यांना जमलं. अगदी बघवत नाही इतकं जमलं. नियम असा ठरला: दहा मिनिटं पाव, मग पेटी. म्हणजे आधी तिची पाठ त्याच्या पोटाशी, हात मानेखालच्या पोकळीतून, गुडघ्यांत उशी. झोप दाटून आली की तो अलगद हात काढून घ्यायचा, दोघं पाठीला पाठ करून चार बोटं हवा सोडायचे आणि आपापल्या कुशीवर वळायचे. पण पाय? पाय त्या पेटीच्या नियमात नव्हते. तिचे तळवे मागे जाऊन त्याच्या पोटऱ्या शोधायचे. रोज. रोज तो ओरडायचा, रोज ती हसायची, आणि रोज मी फरशीवर.

आता माझ्या आयुष्यातलं काळं पान. एका सकाळी तिची पाठ धरली. पेट्या उचलून उचलून धरणारच. भट्टीवाला म्हणाला, "तू पड. मी सवतबाईंना भरतो." त्यानं मला गळ्यापर्यंत भरलं, हवा काढली नाही, छातीशी तर धरलंच नाही, आणि बूच तिरकं बसवलं. मग मला दोघांच्या मधे, तिच्या कमरेला लावून ठेवलं. किती महिन्यांनी पलंगावर आले होते! एका अंगाला तिची कंबर, दुसऱ्या अंगाला हा. आणि माझ्यावरून हात टाकून त्यानं तिलाच जवळ घेतलं. मी मधे असताना. मी जणू उशीची खोळ आहे.

बूच तिरकं होतं हे खरं. चूक त्याची होती हेही खरं. पण मित्रांनो, एक भरभक्कम तपासनीस अंगावर उभा राहिला तेव्हा जी फुटली नव्हती, तिला ते बूच धरून ठेवणं अशक्य नव्हतं. मी धरलं नाही. सोडलं. आणि वळण बघून सोडलं, त्याच्या बाजूला.

तो ताडकन उठला. पाणी फार गरम नव्हतं, पण लेंगा ओला होऊन अंगाला चिकटला. गादीची त्याची बाजू भिजली. मला वाटलं, आता भांडतील. आता हा बाहेर खुर्चीवर झोपेल आणि आम्ही दोघी कोरड्या बाजूला. ती कंबर धरून हसायला लागली, "हसवू नकोस रे, दुखतंय!" आणि दोघांनी खाली चटई टाकली, दोन फूट रुंदीची चटई. पलंगावर चार बोटं हवा लागणारी माणसं चटईवर एका बोटाचीही फट न ठेवता झोपली.

पलंग सबंध मला मिळाला. ओला.

त्यानंतर मी कपाटावर गेले. मला मधोमध दुमडून एका जुन्या छत्रीखाली ठेवलं. रबर दुमडू नये, हे आत्यानं शिकवलं होतं. पण आत्या इथे नव्हती. दोन वर्षं माझी आतली दोन अंगं एकमेकांना चिकटून राहिली आणि सुकली. कुणाच्या तरी मिठीत असूनही माणूस वाळून जातो, असं म्हणतात. मला ते अगदी शब्दशः झालं. वर धूळ. खाली रोज सकाळी साडेसातला, "अगं आई गं! बर्फ!"

मग भट्टीवाल्याला बढती मिळाली. बेकरीत मोठी नवी भट्टी आली, ती दिवसा चालायची आणि तिच्यावर जुना जाणता माणूस हवा होता. तो पहाटे पावणेसहाला निघू लागला. ती पावणेसातला घरी यायची. तो दुपारी पावणेतीनला परतायचा तेव्हा ती नुकती उठलेली असायची. जागेपणीचा संसार नीट चालू होता. गप्पा, जेवण, भांडण, सगळं जागच्या जागी. फक्त पलंग दोन पाळ्यांत काम करू लागला, आणि दोन पाळ्यांची गाठ पडत नव्हती.

चौथ्या दिवशी कपाटावर हात आला. तिचा नव्हे, त्याचा. त्यानं मला झटकलं, उलगडलं, आत फुंकर मारून अंगं सोडवली. "सवतबाई," तो म्हणाला, "कामावर या." आणि या वेळी त्यानं मला नीट भरलं. दोन तृतीयांश. मग थोडं थांबून, जरा लाजल्यासारखं इकडेतिकडे बघून, मला छातीशी धरून हवा काढली. पीठ आणि घाम असा त्याचा वास होता. माझा अगदी जीव नकोसा झाला. त्यानं मला त्याच्या बाजूला, पांघरुणाखाली, बरोबर पोटऱ्यांच्या जागी ठेवलं आणि गेला.

मित्रांनो, ती एक-दीड तासाची वाट! पांघरुणात मी, आणि दारात किल्ली फिरण्याचा आवाज. ती आली, आडवी झाली, तिचे तळवे मागे आले आणि त्यांना मी सापडले. मी! चौदा वर्षांची ती जागा मला परत मिळाली होती. माझ्याकडे होती नव्हती ती सगळी ऊब मी एका दमात देऊन टाकली.

तिला झोप लागली नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पाय गरम, डोळे उघडे. आठवडाभरानं झोपेच्या गुंगीत तिनं कामावर मटारच्या तीनशे पेट्यांवर मक्याच्या चिठ्ठ्या डकवल्या. सुपरवायझर म्हणाला, पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल. तिनं दिवसपाळी मागितली.

"कारण काय लिहू?" सुपरवायझरनं विचारलं.

"पाय गार पडतात."

"बाई," तो म्हणाला, "हे कोल्ड स्टोरेज आहे."

हे तिनं घरी येऊन भट्टीवाल्याला सांगितलं. दोघं हसले, पण ते हसणं लवकर संपलं. "नोकरी गेली तर?" ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं? पेट्या रचायला येतात."

"पण मी पिशवी भरून जातो ना रोज?" तो म्हणाला. "नीट भरतो. गरम नसते का?"

"असते रे. छान असते." आणि तिनं मला उचलून हातात घेतलं, माझ्या झबल्यावरून अंगठा फिरवला. आजवर माझ्याशी ती थेट बोलली नव्हती. "तू गरम आहेस गं," ती म्हणाली, "पण तू ओरडत नाहीस."

मी त्यावर बराच विचार केला. विचार करायला मला वेळ असतो. एवढ्या वर्षांत तिचे पाय किती गार आहेत हे मला कधी कळलंच नव्हतं. कळणार कसं? मी ऊब देते आणि हळूहळू तिच्याइतकीच गार होते; शेवटी दोघी सारख्याच. पण गार लागलं असं मला वाटत नाही. त्या मेल्याला वाटायचं. तो रोज थंडीचा चटका घ्यायचा, बोंबलायचा, आणि तरी पोटऱ्या मिटायचा. तिला ऊब नको होती. म्हणजे हवी होती, पण ती कुणाला तरी महाग पडलेली हवी होती. हे माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. आणि हे कळल्यावर माझा मत्सर कमी झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी कुणाचा नीट मत्सर केलेला नाही.

दुसऱ्या पहाटे त्यानं मला भरलं, आणि पाव गुंडाळायच्या कागदाचा एक तुकडा घेऊन त्यावर काहीतरी लिहून माझ्या झबल्यात सरकवला. ती आली, पडली, तळवे लावले. कागद कुरकुरला. तिनं हात घालून काढला आणि मोठ्यांदा वाचला:

"अगं आई गं! बर्फ!"

आणि ती हसली. एकटी, रिकाम्या खोलीत, उशीत तोंड खुपसून. पाच मिनिटांत झोपली. दुपारी दोनपर्यंत कूस बदलली नाही.

मग हे रोजचं झालं. "मेलो, मेलो!" "हे पाय आहेत की मटार?" "माणसाला आधी सांगावं तरी!" मी त्याचं टपाल वाहत होते. ऊब माझी, जागा माझी, झबलं माझं, आणि हसू त्याच्या नावावर. तिच्या हसण्यानं माझ्या पोटातलं पाणी डुचमळायचं. तेवढंच काय ते माझ्या वाट्याला.

साधारण दीड महिना असा गेला. पेट्यांवर चिठ्ठ्या बरोबर लागू लागल्या. मग एका पहाटे भट्टीवाला मला भरता भरता बोलू लागला. तो माझ्याशी बोलायचा. घरात दुसरं कुणी नसायचं.

"सवतबाई, सोमवारपासून तुम्हाला सुट्टी. काल मालकाला म्हटलं, मला परत रात्रपाळी द्या. तो म्हणतो, लोक दिवसपाळीसाठी माझे पाय धरतात आणि तू उलटा? मी म्हटलं, बायकोचे पाय गार पडतात. म्हाताऱ्यानं खडू उचलला. मग तक्त्यावरचं माझं नाव पुसून रात्रीत लिहिलं. म्हणतो, आमची हिचेही पडायचे. आता ती पलीकडच्या खोलीत झोपते, काय पडतंय कुणास ठाऊक."

हेच त्यानं थोडक्यात कागदावर लिहिलं. पेन्सिल सापडली नाही म्हणून शाईच्या पेननं. कागद झबल्यात घातला, बूच लावलं, मला जागेवर ठेवलं आणि गेला.

आता बूचही जुनं झालं होतं. दोन वर्षं दुमडून राहिल्यानं त्यातली चकती ढिली पडली होती, आणि गळ्याशी एक थेंब येऊन थांबला होता. खाली कागद, कागदावर ओली व्हायला तयार असलेली शाई. माझ्या सुट्टीचा हुकूम. एक थेंब सोडला असता तर काय झालं असतं? फार काही नाही. दुपारी पावणेतीनला तो येऊन सांगणारच होता. फक्त ती सकाळ तिची गेली असती: निळा डाग बघून ती कोड्यात पडली असती, जागी राहिली असती. आणि मला आणखी काही तास त्या घरात गरज आहे असं वाटलं असतं.

मी धरलं. फार मोठा त्याग नव्हता, मला माहीत आहे. थेंब एवढासा होता. पण एकदा सोडून पाहिलं होतं, आणि ओला पलंग कसा लागतो ते मला ठाऊक होतं. पावणेसात वाजेपर्यंत मी गळा आवळून पडून राहिले.

तिनं कागद वाचला. या वेळी हसली नाही. मला उचललं, आणि मी पुरती भरलेली, बूच लावलेली, काढायला हवाच नाही, तरी तिनं मला छातीशी धरलं. तशीच झोपली. म्हणजे तिच्या मनात मी नव्हते, हे मला कळत होतं. पण धरलेली मी होते. असल्या गोष्टींत चिकित्सा करू नये.

दुपारी भट्टीवाल्यानं गळ्याशी ओल पाहिली. "नवीन घेऊ या का?" ती म्हणाली.

"नवीन कशाला?" त्यानं बूच काढून उजेडात धरलं. "चकती गेलीये नुसती. बाकी काय ठणठणीत आहे! हिनं तुझे पाय माझ्याआधी सांभाळले." आणि बेकरीतल्या यीस्टच्या बरणीची रबरी चकती आणून त्यानं मला बसवली. आयुष्यातलं माझं दुसरं कौतुक. नको त्या माणसाकडून मिळालं, असं मी आधीच म्हटलं आहे.

आता मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला उलटी टांगलेली असते, बूच उघडं, आत हवा खेळती. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उकळतं पाणी पाजू नका, दुमडू नका, छत्रीखाली टाकू नका. चकती बघत जा. हवा काढताना घाई करू नका, तेवढंच असतं. आणि तुमच्या शेजारी झोपणाऱ्याचे पाय गार लागले, तर उगाच सोसल्यासारखं गप्प पडून राहू नका. ओरडा. फक्त ओरडताना पोटऱ्या मागे घेऊ नका.

माझ्या मनात आता काही राहिलेलं नाही, असं म्हणून मी संपवणार होते. पण आज सकाळी साडेसात झाले आणि आतून आवाज आला नाही. दोघं घरात होते, पडदे ओढलेले होते. मी खिळ्यावर वाट बघत राहिले. सात एकतीस. सात बत्तीस. एवढ्यात काय झालं असेल, भांडले असतील, की मालकासारखी पलीकडची खोली... पण आम्हाला पलीकडची खोलीच नाही.

"अगं आई गं! बर्फ!"

माझा जीव भांड्यात पडला. तो जरा जास्तच ओरडतो, असं माझं मत आहे. एवढे काही गार नसतात तिचे पाय. मला विचारा. चौदा वर्षं मी धरलेत.